बसायची नोकरी

४ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद नेहमीचेच समज. आजचं पत्र आशीर्वादासाठी नाही.

काल वहिनी दुकानात आली होती, आपल्या दादाच्या पँटची चेन बदलून घ्यायला. बोलता बोलता म्हणाली, "धाकटीला छान नोकरी लागली म्हणे. नुसतं बसायचं." मी मशीनवर होते. टीप वाकडी गेली. बसायचं म्हणजे कुठे बसायचं, कशाला बसायचं, असं विचारलं तर म्हणे चित्रकलेच्या कॉलेजात. तू खुर्चीवर बसतेस आणि पोरं-पोरी तुझी चित्रं काढतात. त्याचा पगार मिळतो. तोही तिथल्या कँटीनमध्ये कपबशा विसळायचीस त्याच्यापेक्षा बरा.

मी वहिनीला म्हटलं, तू अर्धवट ऐकलं असशील. ती वर्गात चहा नेऊन देत असेल आणि कुणीतरी गंमत केली असेल. वहिनी म्हणाली, "मलाही आधी तसंच वाटलं." पण तिच्या तोंडावर हसू होतं ते मला आवडलं नाही.

खरं काय ते तूच लिही. माझं म्हणशील तर माझं रोजचंच चाललंय. कुणाचं पोट सुटलं, कंबर उसवून द्या. कुणी बारीक झालं, आत घ्या. पँटची उंची घेताना गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकून बसायचं, तोंडात टाचण्या, वरून तो फोनवर बोलत असतो. संध्याकाळी मान धरते ती सकाळपर्यंत सुटत नाही. हे निवृत्त झाल्यापासून खिडकीपाशी बसून असतात. दिवसभर बसतात, पण यांना कुणी पगार देत नाही.

आणखी एक. चित्र काढतात म्हणजे तुझंच ना? नाकासकट? राग मानू नकोस, आपल्या घरात असं बोलायची सवयच होती. मला देखणी म्हणायचे आणि तुला कामसू. आता कामसू बसून खाते आणि देखणी तोंडात टाचण्या धरून वाकते, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ताई,

वहिनीने ऐकलं ते खरं आहे.

झालं असं, की इथे एक म्हातारे गृहस्थ बसायचे. ते मुलीकडे राहायला गेले ते परत आलेच नाहीत. एक दिवस वर्ग भरलेला आणि खुर्ची रिकामी. चित्रकलेचे सर कँटीनच्या खिडकीशी आले आणि मला म्हणाले, "बाई, थोडा वेळ बसाल का?" मला वाटलं ते मला दमलेली बघून खुर्ची देतायत. मी हात पुसले आणि गेले. एप्रन काढू का विचारलं तर म्हणाले, राहू दे.

खोलीच्या मधोमध लाकडी चौथरा आहे, त्यावर खुर्ची. मी बसले की सर खडूने खुर्चीच्या पायांभोवती आणि माझ्या पावलांभोवती रेघ मारतात, म्हणजे मधल्या सुट्टीनंतर मला बरोब्बर तिथेच बसता यावं. डोळ्यांना एक जागा ठरवून घ्यायची. मी दाराची वरची बिजागरी घेतली. आधी नाकावर खाज येते. ती सोसली की कानात जाते. मग पायाला मुंग्या, मग कमरेचं हाड दगडासारखं होतं. त्याच्यानंतर काही दुखत नाही, पण मनात नको नको ते येतं. ज्यांच्याशी भांडायचं राहून गेलं ती सगळी माणसं एकेक करून येतात आणि मला उठून जाता येत नाही.

पण खोटं कशाला लिहू, मला आवडतं. हात पाण्याबाहेर आहेत. बोटांच्या भेगा भरून आल्या. संध्याकाळी मी खोलीवर येते तेव्हा माझ्या अंगाला खरकट्याचा वास नसतो.

नाकाचं विचारलंस. पहिल्याच दिवशी सर मुलांना म्हणाले, "नाकापासून सुरुवात करा, बाकीचा चेहरा त्याच्यामागून येईल." मला वाटलं आता सगळे हसणार. कुणी हसलं नाही. सगळे खाली मान घालून कामाला लागले.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझ्या मानेला गरम पाण्याची पिशवी लाव.

धाकटी

२ मार्च

धाकटे,

उत्तराला उशीर झाला. कामाचा रेटा होता. आणि खरं सांगायचं तर दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद चुरगळला.

शेजारच्या इस्त्रीवालीला मी सांगितलं, माझी धाकटी बहीण चित्रकलेच्या कॉलेजात असते. काय करते ते सांगितलं नाही. तिला वाटलं शिकवते. मी दुरुस्त केलं नाही. मग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली आणि परवा एक बाई आपल्या मुलीची चित्रं घेऊन दुकानात आली, तुझ्या बहिणीला दाखव म्हणून. मी ती चित्रं बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, हात चांगला आहे.

तुला आठवत असेल, आपल्या रस्त्याच्या टोकाला फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या काचेत माझा फोटो लावला होता. मान जराशी वळवलेली, केस एका खांद्यावर. किती वर्षं होता तो तिथे. पोरं लांबचा रस्ता घेऊन तिथून जायची. यांनीसुद्धा मला आधी तिथेच बघितलं आणि मग घरी विचारायला आले. तो फोटो काढताना मी अशी बसले होते, की फोटोवाला म्हणाला, "अशी बसणारी मुलगी मी बघितली नाही." तू बाहेर माझी पिशवी धरून उभी होतीस, त्यामुळे तू ते ऐकलं नसशील.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्या फोटोचं काय झालं कुणास ठाऊक.

दुकानात कपडे घालून बघायच्या खोलीत उभा आरसा आहे. गिऱ्हाईक नसलं की मी हल्ली तिकडे बघत नाही, पाठ करून बसते. असो.

तुमच्या सरांना आणखी कुणी लागतं का? माझ्यासाठी विचारत नाही. सहज विचारलं.

ताई

२० मार्च

ताई,

लागतं की. नेहमीच लागतं. तू ये ना थोडे दिवस. माझी खोली लहान आहे, पण दोघींना पुरेल.

एक बातमी आहे. सर स्वतः माझं मोठं चित्र करायला लागलेत, माणसाएवढं. वर्ग सुटला की मी थांबते. ते फारसं बोलत नाहीत. लांब जाऊन बघतात, जवळ येऊन बघतात, डोळे बारीक करून बघतात. पहिल्या दिवशी मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की घरी येऊन रडले. ताई, माझ्याकडे आजपर्यंत एवढा वेळ कुणी बघितलं नव्हतं. माझा नवरा होता तेव्हासुद्धा बोलताना ताटाकडे बघून बोलायचा. तो वाईट नव्हता, पण मी घरात आहे हे त्याला आवाजावरून कळायचं.

तुला सवय आहे गं. तू खोलीत आलीस की माना वळायच्या. मी तुझ्यामागून यायचे, तोवर त्या परत सरळ झालेल्या असायच्या.

आता मी आत आले की सगळे हातातलं ठेवून बघतात. त्यांना बघावंच लागतं म्हणा. तेच तर शिकायला आलेत.

येशील तेव्हा साधे कपडे घालून ये. इथे साधेच बरे दिसतात.

धाकटी

२७ मार्च

धाकटे,

रविवारच्या गाडीने येते.

कोणते कपडे घालायचे ते मला कुणी सांगितलेलं नाही आजवर. लोक मला विचारतात. निळं कापड दुकानात कधीपासून पडून होतं, त्याचं स्वतःसाठी काहीतरी शिवलं. केसही रंगवून घेतले. हे म्हणाले, "मी पण येऊ का?" म्हटलं, तुम्ही इथेच बसा.

ताई

१२ एप्रिल

ताई,

तू न सांगता निघून गेलीस, त्याला इतके दिवस झाले. मी वाट बघितली. आज लिहिते आहे, कारण राग जरा खाली बसलाय. सगळा नाही.

सरांनी तुझं किती छान स्वागत केलं. मी त्यांना म्हटलं, ही माझी ताई, हिलाही बसवा. त्यांनी माझ्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली. तुझ्याभोवती खडूची रेघ मारली, तेव्हा तू मुलांकडे बघून हसलीस. सर म्हणाले, "हसू नका. हसणं टिकत नाही." तरी तू हसतच होतीस. मग गाल थरथरायला लागले. मग केस नीट केलेस, पुन्हा केलेस. मला बिजागरीवरून डोळे हलवता येत नव्हते, पण कोपऱ्यातून ते सगळं दिसत होतं आणि तुझ्या नव्या कपड्यांची सळसळ ऐकू येत होती.

सुट्टी झाली आणि तू चित्रं बघत फिरायला लागलीस. मी पाय चोळत होते. केसांत पेन्सिल खोचून बसते ती मुलगी खिडकीच्या उलट बाजूला होती. तू तिच्यापाशी थांबलीस. काहीतरी बोललीस, ते मला ऐकू आलं नाही. मग कागद फाटल्याचा आवाज आला. एकदा फाडलास, मग ते दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडलास, जुनं कापड फाडावं तसा. "जमलं नाही हिला," असं म्हणून पर्स उचललीस आणि गेलीस. मी खोलीवर आले तोवर तुझी बॅगही नव्हती.

ती मुलगी रडत होती. तो कागद तिला परीक्षेला ठेवायचा होता. मला ऑफिसात बोलावलं. तुम्ही आणलेल्या माणसाची जबाबदारी तुमची, म्हणाले, आणि पुढचं कळवेपर्यंत यायचं नाही असं सांगितलं. सरांचं चित्र अर्धं राहिलंय. कँटीनमध्ये माझ्या जागी दुसरी बाई लागली आहे, त्यामुळे तिथेही जाता येत नाही. मी खोलीत बसून आहे. आता खरोखर नुसती बसून आहे, वहिनीला सांग.

काय दिसलं गं तुला त्या कागदात? म्हातारी दिसलीस? सगळेच म्हातारे होतात, ताई. तुला ते कळायला एवढा वेळ लागला, हे तुझं नशीब.

धाकटी

३० एप्रिल

धाकटे,

मी माझं चित्र फाडलं असं तुला वाटतंय. तो कागद माझा नव्हता.

बाकीच्यांनी मला काढलं होतं. हनुवटीखालची पिशवी काढली होती, मानेवरच्या वळ्या काढल्या होत्या, एकाने तर माझ्या हसण्याचं असं काही केलं होतं, की दात दुखतायत असं वाटावं. ते सगळं मी बघितलं आणि गिळलं. दुकानात आरसा आहे माझ्या. मी काही आंधळी नाही.

त्या पोरीच्या कागदावर तू होतीस. पूर्ण. तुझे हात, बोटांची पेरं, एप्रनची गाठ, ते नाक. आणि तू अशी बसली होतीस, की मला क्षणभर कळलंच नाही ही कोण बाई, एवढी भारदस्त. तुझ्या शेजारी खुर्ची होती. नुसती खुर्ची. पाठ, पाय, खाली पडलेली सावली, सगळं नीट काढलेलं, आणि वर कुणी नाही.

मी तिला विचारलं, "मी कुठे आहे?"

ती म्हणाली, "तुम्ही हलत होता."

उद्धटपणे नाही म्हणाली. साधं उत्तर दिलं. धाकटे, मी एवढा वेळ श्वास धरून बसले होते. नवे कपडे, रंगवलेले केस, आणि तिला खुर्ची रिकामी दिसली. माझे हात आपोआप चालले. फाडताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

आता दुसरं. दोन खुर्च्या होत्या. खिडकीसमोरची तू मला दिलीस आणि आतल्या बाजूची स्वतः घेतलीस. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना आरशासमोर उभं करते आहे. कोणत्या उजेडात माणूस कसं दिसतं, हे मला सांगावं लागत नाही. तुलाही आता लागत नसावं.

तुझं काम बंद झालं हे वाचून मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. वाईट वाटलं, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर. पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. मी ते पत्र घडी घालून ठेवलं, उठले, चहा केला, आणि यांना म्हटलं, "तिची बसायची नोकरी गेली." यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू गाणं का म्हणते आहेस?" मला कळलंच नव्हतं मी गुणगुणत होते.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी तुमच्या ऑफिसला लिहिलं, की जे झालं ते मी केलं, तिला माहीत नव्हतं, तिला शिक्षा करू नका. त्या मुलीची माफी मागितली. यांनी ते पत्र स्वतः जाऊन टाकलं.

सोबत एक पुडकं आहे. खुर्चीवर घालायची पातळ गादी केली आहे, आत लोकर भरली आहे. तू सुट्टीत कंबर चोळत होतीस. बसल्यावर दिसणार नाही, कडा मी आत मुडपल्या आहेत.

ताई

१६ जुलै

ताई,

एवढे दिवस लिहिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने.

काम परत मिळालं. तुझं पत्र ऑफिसात पोचलं, आणि त्या मुलीने स्वतः जाऊन सांगितलं, की बाईंना परत घ्या. तिने मला पुन्हा काढलं. ती म्हणते आधीचं बरं होतं. तुझी गादी मी रोज नेते. सरांना अजून कळलेलं नाही, की मी गादीवर बसते.

खुर्चीचं तू ओळखलंस. हो, मुद्दाम दिली. त्या खिडकीतून दुपारी जो उजेड येतो तो काही लपवत नाही, हे मला माहीत होतं. तू यायच्या आदल्या दिवशीच मी ठरवलं होतं, कुणाला कुठे बसवायचं ते. तू निळ्या कपड्यांत दारातून आत आलीस आणि पुन्हा एकदा सगळ्या माना वळल्या. मला वाटलं, इथेही? माझ्याकडे एवढीच एक खोली आहे गं.

आणि याहून वाईट आहे ते आता सांगते. काम परत मिळालं त्यानंतर थोड्याच दिवसांत सरांनी मला विचारलं, तुमच्या ताई परत येतील का. मी म्हटलं, त्यांनी कागद फाडला. ते म्हणाले, "हो ना. ती बाई हलते, पण खोलीत असते." त्यांना माझं एकटीचं चित्र पुढे करायचं नव्हतं. दोघींचं करायचं होतं, शेजारी शेजारी. मी सांगितलं, तिचं दुकान आहे, तिला जमणार नाही. पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं तुझी तब्येत बरी नसते. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, म्हणूनच कळवलं नाही.

मग त्यांनी दुसरी बाई आणली. तुझ्याच वयाची, शांत. बसली की दगड. सरांनी तिला माझ्या शेजारी बसवलं, तुझ्या जागी, आणि मुलांना सांगितलं, या दोघी बहिणी आहेत असं समजा. ताई, मला ते सहन झालं नाही. तिचा काही दोष नव्हता. बिचारीने सुट्टीत मला बिस्किट दिलं. पण ती माझ्या कुशीला बसून माझी बहीण होत होती, आणि मला वाटत होतं हिला ढकलून द्यावं. माझ्यावर जळायचं तर तू जळ. ही कोण?

दुसऱ्या दिवशी मी सरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग बोलवा." तुलाही माझ्याएवढाच पगार मिळेल.

येशील का? खिडकीकडे मी बसेन.

धाकटी

२२ जुलै

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी तुला पुष्कळ बोलले. मोठ्याने, दुकानात, एकटीच. माझी तब्येत बरी नसते काय? मग शटर ओढलं आणि बॅग भरली.

दुकान हे सांभाळतील. कापड घ्यायचं, पावती द्यायची आणि ती येईपर्यंत थांबा म्हणायचं, एवढंच शिकवलं आहे. म्हणाले, जमेल. बसायचंच आहे.

कोण कुठे बसणार ते सरांना ठरवू दे. तू ठरवू नकोस आणि मीही ठरवणार नाही. येताना साधे कपडे आणते आहे. आहेत माझ्याकडे.

ताई

९ डिसेंबर

धाकटे,

पाय कसा आहे? डॉक्टरांनी पाय उंच करून पडून राहायला सांगितलंय तर पडून राहा. शिरा फुगल्या म्हणजे चेष्टा नाही. तुला बसायचे पैसे मिळतात आणि आता झोपायची सक्ती झाली, हे वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "नशीबवान आहे." मी तिला तुझ्या पायाचं नीट समजावून सांगितलं. पहिल्यांदाच तुझी बाजू घेतली असेन. वहिनी बघतच राहिली.

प्रदर्शनाला तू नव्हतीस, म्हणून सगळं लिहिते. आम्ही दोघं गेलो होतो. हे कोट घालून. कोट मीच आत घेऊन दिला, हल्ली बारीक झालेत. दुकानात बसून झालेत, माझ्या गिऱ्हाइकांनी यांना बसू दिलेलं दिसत नाही.

दालन मोठं होतं. आपलं चित्र समोरच्या भिंतीवर होतं, आत शिरल्या शिरल्या दिसेल असं. मी जरा बाजूला, खांबापाशी उभी राहिले. खरं सांगू, मी वाट बघत होते. लोक चित्र बघतील, मग वळतील, आणि मला बघून ओळखतील. ठेवणीतले कपडे होते अंगावर. माणसं येत होती, चित्रापुढे थांबत होती, वळत होती आणि माझ्या अंगावरून पुढे जात होती. एकाने तर मला विचारलं, पाणी कुठे आहे. त्या पेन्सिल खोचणाऱ्या मुलीने तेवढी ओळख दिली. जवळ आली आणि म्हणाली, "आता हलत नाही तुम्ही." आम्ही दोघी हसलो.

मग गर्दी कमी झाल्यावर मी चित्र नीट बघितलं. बसत होतो तेव्हा सर बघू द्यायचे नाहीत, हे तुला माहीतच आहे.

तू खिडकीकडे बघते आहेस. उजेड तुझ्या तोंडावर सगळा आहे आणि तू तो घेतला आहेस. मी तुला देखणी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तिथून पुढे जाववत नाही. आणि शेजारी मी. मान जराशी वळवलेली. वळ्या आहेत, पिशवी आहे, सगळं आहे, त्याचं आता काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या चित्रात मी तुझ्याकडे बघते आहे.

मी सरांना गाठलं. म्हटलं, "तुम्ही मला कपाटाकडे बघायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही बघितलं नाहीत."

"रोज बघत होते."

"मधून मधून," ते म्हणाले. मग कुणीतरी त्यांना हाक मारली.

धाकटे, मला शपथेवर आठवत नाही. मला वाटायचं मी कपाटाच्या मुठीकडे बघते आहे. मनात काय चालायचं ते विचार. हिची पाठ सरळ राहते, माझी का नाही. हिला काही दुखत कसं नाही. सर हिच्यापाशी जास्त वेळ उभे राहिले. हिच्या आधी मी उठणार नाही. दिवसचे दिवस हेच. ते सगळं बाहेरून दिसत होतं आणि तो माणूस रंगवत बसला होता. आता ते माणसाएवढं होऊन भिंतीवर लागलं आहे आणि लोक कोट घालून बघायला येतायत.

मी मेल्याहून मेल्यासारखी तिथे उभी होते, तेवढ्यात हे आले. चित्रापुढे उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलणार आणि मला ते ऐकावं लागणार.

म्हणाले, "केवढी माया आहे तुझ्या डोळ्यांत."

मी म्हटलं, "चष्मा पुसा."

त्यांनी खरंच पुसला. पुन्हा लावून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "आहे ना. तू काहीही म्हण."

मी वाद घातला नाही. यांना चित्रातलं काही कळत नाही. पण माझ्या तोंडाकडे बघत हा माणूस इतकी वर्षं जेवला आहे, त्यामुळे अगदीच काही कळत नसेल असंही नाही.

चित्र महिनाअखेरपर्यंत तिथे आहे. मग ज्यांनी घेतलं ते घेऊन जातील. त्याआधी पाय टाकवेल तसा टाक, रिक्षा कर, पण जाऊन ये. सावकाश बघ. तुला जे दिसेल ते दिसेल, मला लिहायलाच पाहिजे असं नाही. आणि शेजारी उभं राहून कुणी विचारलं, की ही दुसरी बाई कुठे बघते आहे, तर सांग, कपाटाकडे.

ताई